वाळूवरची साय

होळीच्या दुसऱ्या दिवशी वाशीमच्या नगरपालिकेचे आरोग्य निरीक्षक मंगरूळ रस्त्यावरच्या आमच्या अक्काच्या, म्हणजे सुभद्राबाईंच्या, मळ्यात प्रथम आले. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या हुकमाने तेथील पोहण्याच्या हौदाच्या गाळणीतली सगळी वाळू उपसून धुतली गेली. पाडवा उलटतो न उलटतो तोच पाण्याचा नमुना घेतला गेला. रामनवमीला, देवळात पाळणा हलत असताना, चौकाचौकांत दवंडी पिटली की सुभद्राबाईंच्या हौदाच्या पाण्याने ताप पसरत आहे, सबब कोणी तिकडे फिरकू नये. हनुमान जयंतीच्या आत हौदाच्या फाटकाला कुलूप लागले. ज्येष्ठात दुसरा नमुना, आषाढात हुकूम रद्द. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे अक्का गेली. पोळ्याच्या आदल्या दिवशी नगरपालिकेने तिच्याविषयी शोकाचा ठराव केला. कुलूप लागेपर्यंतच्या गोष्टींना जबाबदार तिघे: निरीक्षक, ज्यांनी ऐकून घेतले नाही, आरोग्य समितीचे सभापती, ज्यांनी विचारले नाही, आणि अध्यक्ष, ज्यांनी सही केली. शेवटच्या ठरावालाही हेच तिघे जबाबदार आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवसाला मात्र कोणीही जबाबदार नाही आणि हे लिहिताना मला जे हायसे वाटते ते लपविण्याचे मला कारण दिसत नाही.

हायसे वाटते ते या क्रमामुळे. दिवाणी न्यायालयाच्या नाझराच्या खुर्चीत ज्याचे आयुष्य गेले त्याला क्रमाची किंमत ठाऊक असते. समन्स आधी, जप्ती नंतर. माझी थोरली बहीण आषाढातला हुकूम कानांनी ऐकून गेली. तो आधी आणि ती नंतर. हे दोन दिवस एकमेकांच्या जागी पडले असते तर मी आज हा लेख लिहीत नसतो, फिर्याद लिहीत असतो, आणि ती कोणापुढे दाखल करावी हे मला कळले नसते... तिची छाती वैशाखापासूनच साथ देत नव्हती. रोज सकाळी मळ्याच्या फाटकातून आत जाताना माझ्या मनात एकच धास्ती असे, की ही दोषी म्हणून जाईल. ती तशी गेली नाही. गेल्या कित्येक महिन्यांत मला इतकी शांत झोप लागली नव्हती.

आता हौदाविषयी, कारण ज्यांनी तो पाहिला नाही अशांनीच त्याविषयी अधिक सांगितले आहे. अक्काचे यजमान, आमचे भाऊजी, एका जिनिंग फॅक्टरीचे भागीदार होते. ऐन उमेदीत एका तापाने त्यांचे पाय गेले. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले की जमिनीवर हे पाय उभे राहणार नाहीत, पण कमरेइतक्या पाण्यात रोज चालविले तर त्यांत काही जीव येईल. भाऊजींनी मळ्यातल्या विहिरीजवळ दगडी हौद बांधून घेतला, एका अंगाला कमरेइतका आणि दुसऱ्या अंगाला पुरुषभर. विहिरीचे पाणी गढूळ, उन्हाळ्यात तर चहासारखे. म्हणून फॅक्टरीच्या इंजिनीअरच्या सल्ल्याने हौदाच्या डोक्यावर दगडी चौकोनी टाके बांधले, तळाशी गोटे, त्यावर खडी, त्यावर पैनगंगेहून बैलगाडीने आणलेली बारीक वाळू. तेलाच्या इंजिनाने पाणी वाळूवर पडे, वाळूतून झिरपून खाली हौदात येई आणि हौदातून भाजीच्या वाफ्यांना जाई. विहीर आटली की हौदातलेच पाणी पुन्हा वर चढवून गाळून घेत. मळ्यातली माणसे त्या टाक्याला गाळणी म्हणत. अक्का त्याला 'आपलं लेकरू' म्हणे, कारण तिला दुसरे लेकरू नव्हते.

त्या गाळणीच्या पहिल्या दिवाळीत अक्काने जे केले ते सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही. भाऊजी कामासाठी अकोल्याला गेले होते. आपल्याकडे दिवाळीच्या आधी घरातला चमचासुद्धा सुटत नाही. भांडी, कपाट, भिंती, गोठा, सगळे निघते. अक्काने टाक्यात डोकावून पाहिले तर वाळूच्या अंगावर हिरवट-तपकिरी बुळबुळीत थर. तिला लाज वाटली. मळ्यातल्या बायांना हाताशी धरून तिने सगळी वाळू बाहेर काढली, रिठ्याच्या पाण्यात चोळून धुतली, अंगणात ताडपत्रीवर वाळवणासारखी पसरली आणि लख्ख करून परत भरली. भाऊजी आल्यावर तिने त्यांना खुर्चीसकट टाक्याजवळ नेऊन दाखविली. मी तेथे होतो. भाऊजींनी वाळूकडे पाहिले, अक्काकडे पाहिले आणि हसू लागले ते थांबेनात. "सुभद्रे," ते म्हणाले, "दुधावरची साय काढून फेकली तुनं, अन् आता तूप मागून राह्यली." पुढे महिनाभर हौदाला वास येत होता. पाणी आधी गढूळ, मग हिरवे. वाळूवरचा तो बुळबुळीत थर म्हणजेच गाळणीचा जीव असतो, पाण्यातले रोगट ते तोच खातो, त्याला पुन्हा धरायला आठवडे लागतात, हे भाऊजींनी तिला समजाविले. अक्काने त्या महिन्यात भाऊजींचे पाय हौदात घालू दिले नाहीत. ते पाणी वांग्यांना सोडले. त्या वर्षी वांगी फार चांगली आली असे ती पुढे सांगत असे, आणि चूक झाली असे कधीच सांगत नसे.

त्या दिवाळीनंतर तिने वाळू पुन्हा कधी धुवू दिली नाही. पाणी झिरपेनासे झाले, धार बोटाएवढी झाली, म्हणजे ती काष्टा खोचून टाक्यात उतरे. वाळूवर पाय पडू नये म्हणून फळी टाकून तिच्यावर गुडघे टेकी आणि भाकरीच्या उलथण्याने वरचा पातळ थर, केवळ बोटाच्या जाडीचा, खरवडून घमेल्यात घेई. खालच्या वाळूला हात नाही. खरवडलेली वाळू वेगळी धुऊन ढिगाला लावायची, आणि पुढचे काही दिवस गाळणीचे पाणी हौदाऐवजी वाफ्यांत. हे काम चालू असताना कोणी बोललेले तिला खपत नसे. मी एकदा एका निकालाची हकीकत सांगू लागलो तर ती मान वर न करता म्हणाली, "बाबू, तुले कायदा समजते, मले साय समजते. तू तिकडं जाऊन बस."

हौदाचे कायदेही तिचेच. डोक्याला तेल लावून आलेल्याला पाण्यात प्रवेश नाही. एकदा तहसीलदारांच्या घरची मंडळी हौद पाहायला आली. घाटावर उतरण्यापूर्वी अक्काने बाईंच्या वेणीला हात लावून पाहिला आणि शिकेकाईची वाटी पुढे केली. बाई रागावून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी मी म्हणालो की अशाने शत्रू वाढतील. "वाढू दे," अक्का म्हणाली, "तेल पान्यावर पसरते. शत्रू पसरत नाई." या बाबतीत तिचा अंदाज चुकला. शत्रू पसरतात, आणि अध्यक्षांच्या घरीही पोहोचतात. परंतु हे मी पुराव्याने सिद्ध करू शकत नाही, म्हणून आरोप म्हणून मांडत नाही.

भाऊजी त्या पाण्यात काठाला धरून चालू लागले, पुढे काठ सोडूनही. जमिनीवर मात्र शेवटपर्यंत नाही. ते गेल्यावर हौद बुजवून तेथे संत्र्याची कलमे लावावीत असा सल्ला तिला बहुतेकांनी दिला. अक्काने तो उघडा ठेवला, आणि ज्यांचे पाय जमिनीने टाकले होते अशांसाठी ठेवला. त्यांत कौसल्या होती, मळ्यातली भाजी पिकविणाऱ्या गणपत माळ्याची बायको. कापसाच्या गाडीवरून पडून तिची कंबर गेली होती. दुपारी मळा सामसूम झाला की गणपत तिला पाठंगुळी घेऊन येई आणि अक्का स्वतः तिला पाण्यात उतरवी. "पान्यात मले मी हलकी वाटतो," कौसल्या म्हणे, "जमिनीवर आली का पुन्हा गोनी." गेल्या पावसाळ्यात ती काठी टेकीत घरापासून विहिरीपर्यंत आली. गणपतने त्या दिवशी वाफ्यातले काम टाकून मंडईत पेढे आणले, आणि अक्काने तिला पहिली गोष्ट विचारली ती ही, की केसांना तेल आहे काय.

या फाल्गुनात मळ्याशेजारच्या वस्तीत ताप सुरू झाला. वस्तीतली काही मुले उन्हाळ्यात हौदावर येत, एवढाच धागा. होळीच्या दुसऱ्या दिवशी आरोग्य निरीक्षक आले, अंगावर धुळवडीच्या रंगाचे डाग तसेच. त्यांनी टाक्यात बोट घातले, थर उचलला, वास घेतला आणि रुमालाला पुसला.

"ही घाण आहे," ते म्हणाले.

"घान नाई साहेब, साय हाय."

"बाई, साय दुधावर येते."

"मग आमचं पानी दुधावानी समजा."

गणपत हसला, आणि ते हसणे महागात पडले. निरीक्षकांनी फर्माविले की गाळणीतली सर्व वाळू नगरपालिकेच्या माणसांकडून उपसून पांढऱ्या पावडरीने धुतली जाईल. हरकत घेतल्यास या मळ्याची भाजी बाजारात येऊ देणार नाही. स्वतःवरचा दंड अक्काने हसत भरला असता. पण भाजी गणपतची होती. तिने हरकत घेतली नाही. पाडव्याच्या आदल्या दिवशी माणसे आली, घमेली आली. वाळू धुऊन निघाली तेव्हा ती मिठासारखी पांढरी होती आणि निरीक्षक समाधानाने तिच्याकडे पाहत होते. चाळीस वर्षांपूर्वी अक्काने अंगणात जशी पाहिली होती तशीच... फरक एवढाच की तेव्हा खुर्चीत हसणारा माणूस होता. अक्काने निरीक्षकांना शांतपणे सांगितले, "आता महिनाभर तरी नमुना घेऊ नका. साय धरू द्या." मी म्हणालो की बाईंचे हे म्हणणे पंचनाम्यात नोंदवावे. ते म्हणाले, पंचनाम्यात स्वयंपाक लिहीत नाहीत.

नमुना त्याच आठवड्यात घेतला गेला. तो खराब निघाला. तो चांगला निघाला असता तर मला सृष्टिक्रमाविषयी शंका आली असती. ज्या गाळणीचा जीव स्वतः काढला तिला मेलेली ठरविण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नव्हती. मग दवंडी. मग कुलूप.

कुलपाने अक्का पडली नाही, कौसल्या पडली. महिन्याभरात ती काठीवरून खाटेवर आली. अक्का रोज संध्याकाळी तिच्याजवळ जाऊन बसे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला विचारी, "तुझ्या पत्राचं काय झालं?" मी पत्रे लिहीत होतो. निरीक्षकांना, सभापतींना, अध्यक्षांना, अकोल्याला जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना. अकोल्याहून उत्तर आले की आपला भाग नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला असल्याने या विषयाचे कागद मार्गावर आहेत. मी उलट टपाली विचारले की कागद मार्गावर असताना कुलूप जागेवर कसे. अक्काला मी हे पत्र वाचून दाखविले तेव्हा ती म्हणाली, "लय झणझणीत हाय. पन कौसल्या याच्यानं उठते काय?"

कौसल्या माझ्या पत्रांनी उठली नाही, हे नोंदविणे न्यायाचे आहे. तापानेच साक्ष फिरविली. हौद बंद होऊन महिना लोटला, पाण्यात कोणी पायही बुडवीत नव्हते, आणि वस्तीतला ताप वाढतच होता. कोठडीत असलेला आरोपी बाहेर गुन्हे करीत असेल तर आरोपी तरी दुसरा आहे किंवा गुन्हा तरी दुसरा आहे, हे मी अध्यक्षांना लिहिले. त्यांना ते विनोदी वाटले असे कळले. सरकारी दवाखान्यात नव्याने आलेल्या डॉक्टरांना मात्र ते विनोदी वाटले नाही. त्यांनी वस्तीची सार्वजनिक विहीर पाहिली. शेजारच्या गटाराचे पाणी तिच्या फुटलेल्या बांधकामातून आत झिरपत होते. गटार नगरपालिकेचे, विहीर नगरपालिकेची. गटार वळविले, विहिरीत औषध टाकले, आणि ज्येष्ठ सरता सरता वस्तीत नवा ताप उरला नाही. डॉक्टरांनी हौदाच्या गाळणीचा नमुना पुन्हा नेला. कुलूप हौदाच्या फाटकाला होते, गाळणीला नव्हते. भाजीसाठी इंजिन रोज चालत होते, गाळलेले पाणी रोज वाफ्यांत जात होते, आणि वाळूवर साय परत धरली होती. नमुना स्वच्छ निघाला.

आषाढात हुकूम आला. एका ओळीचा: मागील आदेश रद्द समजावा. अक्का तेव्हा खाटेला उशी टेकून बसत असे. मी वाचून दाखविला, आणि पुन्हा वाचू लागलो, कारण मला त्यात कोठे तरी एखादी मेख सापडेल अशी भीती होती. "झालं ना वाचून?" ती म्हणाली. "मग चष्मा काढ अन् जेवून घे. कितीक दिवस झाले, तू उभ्या उभ्या जेवून राह्यला." त्याच दुपारी तिने खुर्ची हौदावर न्यायला लावली. गणपतने कौसल्येला पाठंगुळी आणले. कौसल्या पाण्यात उतरली, काठ धरून उभी राहिली आणि कितीतरी वेळ तशीच उभी होती. मग अक्का म्हणाली, "चाल आता. उभं राहाले काय खांब होय तू?" कौसल्या चालली. त्या क्षणी माझ्या छातीवरून जे उतरले त्याला कायद्यात शब्द नाही.

आमची अखेरची भेट नागपंचमीची. गाळणीची धार बारीक झाली होती आणि गणपत उलथणे घेऊन टाक्यात उतरायला निघाला होता. अक्काने खाटेवरून हाक मारली, "आज नाई. आज खनत नाईत, खरवडत नाईत." मी म्हणालो, अक्का, निषेध जमीन खणण्याचा आहे, टाक्यातली वाळू ही जमीन नव्हे. तिने डोळे मिटले. "वाळूखाली कोन झोपलं हाय, तुले मालूम हाय काय?" ती म्हणाली. "उद्या करा." दुसऱ्या दिवशी पहाटे ती झोपेतच गेली. कण्हली नाही, कोणाला हाक मारली नाही. डॉक्टर म्हणाले, छाती दमली होती, ती थांबली. ताप नव्हता, पोटाचे काही नव्हते, पाण्याचे काही नव्हते. मी त्यांच्याकडून हे लेखी घेऊन ठेवले आहे, कारण मी या गावाला ओळखतो.

सुतक फिटले त्या दिवशी घर धुणे आले. भाऊजींच्या पुतण्याची बायको, अमरावतीची, मनाने चांगली आणि कामाला वाघ. तिने घर धुतले, माठ बदलले, अंथरुणे नदीवर पाठविली, आणि मग बायांना घेऊन टाक्याकडे निघाली: सुतकातले पाणी त्यातून गेले आहे, वाळू काढून धुवायला हवी. गणपत आडवा आला. त्याने मला बोलाविले. मी निर्णय दिला की घरातल्या वस्तू जंगम असतात, त्यांना सुतक लागते. टाके जमिनीत बांधलेले, म्हणजे स्थावर. स्थावराला सुतक नाही.

"मग काकाजी, घर तरी कायले धुतलं?" ती म्हणाली. "घर जंगम होय काय?"

मी कलम आठवू लागलो. गणपतला उत्तर आधी सुचले. "वयनी," तो म्हणाला, "सुतक फिटलं म्हनून घरच्या दुधाच्या सायीले साबन लावलं काय तुमी?" ती हसली. मग तिला रडू आले. मग तिने पदर खोचला आणि विचारले की मग करायचे तरी काय. गणपतने फळी टाकली, उलथणे तिच्या हाती दिले आणि बोटाएवढा थर कसा काढायचा ते दाखविले. धार पुन्हा मोठी झाली. कौसल्या आता दुपारी येते, काठीवर, स्वतःच्या पायांनी. पुतण्याने हौद ठेवायचे कबूल केले आहे. तेवढ्यापुरता मी सुटलो.

पण तेवढ्यापुरताच. पोळ्याच्या आदल्या दिवशीच्या सभेत नगरपालिकेने ठराव केला की, कै. सुभद्राबाई यांनी आपल्या मळ्यातील हौदाच्या शुद्ध पाण्याने अनेक पीडितांना दिलासा दिला, त्यांच्या निधनाने गावाची हानी झाली आहे. अध्यक्षांनी तो उभे राहून वाचला. सदस्य उभे राहिले. मी प्रेक्षकांत होतो, मीही उभा राहिलो, कारण ती माझी बहीण होती. पण शुद्ध हा शब्द त्या तोंडून निघाला तेव्हा मी तो तारखेसह टिपून घेतला. जिची बदनामी ढोल वाजवून केली तिची सुटका एका ओळीच्या लिफाफ्यात झाली, आणि स्तुती बंद सभागृहात. गावाने दवंडी ऐकली. लिफाफा गावाने पाहिला नाही. परवा आठवडी बाजारात एका बाईने गणपतची वांगी हातात घेतली, मळा कोणता ते विचारले आणि परत ठेवली. "तापाच्या मळ्यातले नको बापा," ती म्हणाली. गणपतने वांगी पाटीत पुन्हा नीट लावली. मला घरी येऊन सांगितले, आणि सांगताना तो माझ्याकडे अशा नजरेने पाहत होता, जणू निकाल माझ्या हातात आहे.

तो माझ्या हातात नाही. म्हणून अध्यक्षसाहेब, मी आपणास जाहीरपणे विचारतो: हौदाचे पाणी रामनवमीला ताप पसरविणारे होते की पोळ्याच्या आदल्या दिवशी शुद्ध होते? दोन्ही आपलीच वाक्ये आहेत, दोहोंखाली आपलीच सही आहे. गाळणीची वाळू धुण्याचा हुकूम कोणाच्या सल्ल्याने निघाला, ती धुतल्याबरोबर नमुना घेण्याची घाई कोणाला होती, आणि गटाराच्या पाण्याची विहीर शेजारी असताना ती तपासावी असे कोणालाच का वाटले नाही? उत्तर मला पत्राने पाठवू नये. पत्रे माझ्याजवळ पुष्कळ साठली आहेत. ते येत्या आठवडी बाजारी, भाजीच्या ओळीत, गणपत माळ्याच्या पाटीसमोर उभे राहून, परवाच्या त्या बाईला ऐकू जाईल अशा आवाजात द्यावे.